फॉक्स ग्लेशियर विमान अपघात (२०१०)

न्यूझीलंडच्या साउथ आयलंड बेटावर, पश्चिम किनाऱ्यालगतच्या फॉक्स ग्लेशियर या लहान गावातील धावपट्टीवरून उड्डाण घेताना ४ सप्टेंबर २०१० रोजी झालेला अपघात. विमानातील नऊही जण ठार झाले : वैमानिक, पॅराशूट उडीचे चार प्रशिक्षक आणि आयर्लंड, इंग्लंड, जर्मनी व ऑस्ट्रेलियातून आलेले चार पर्यटक.

विमान मूळचे शेतीचे होते. फ्लेचर एफयू-२४ हे मॉडेल १९५४ मध्ये प्रथम उडाले. त्याची रचना कॅलिफोर्नियात झाली, पण ती न्यूझीलंडच्या डोंगराळ कुरणांवर सुपरफॉस्फेट पसरण्यासाठी. खताची टाकी वैमानिकाच्या पाठीमागे, पंखांच्या पट्ट्यात असते, त्यामुळे ओझे गुरुत्वमध्याजवळ राहते. आखूड, उताराच्या पट्टीवरून भरल्या टाकीने उडणे हे या विमानांचे रोजचेच काम. विमान उचलत नाही असे दिसले, की वैमानिक लिव्हर ओढून टाकीतला माल काही सेकंदांत खाली सोडतो. फवारणीच्या विमानाला उड्डाणाच्या वेळी तारणारी मुख्य सोय हीच.

अपघातग्रस्त विमान २०१० मध्येच पॅराशूट उड्यांसाठी बदलून घेतले होते. टाकी गेली, तिच्या जागी माणसे आली; ओझे खाली सोडून देण्याची सोय त्यामुळे उरली नाही. प्रवाशांना आसने नव्हती, पट्टे नव्हते. सगळे फरशीवर दाटीने बसत, आणि वजन मागे शेपटीकडे पसरे. जमीन सोडताच विमानाने नाक जवळजवळ सरळ वर केले, वेग गमावला आणि ते धावपट्टीशेजारी कोसळून पेटले.

वाहतूक अपघात चौकशी आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. गुरुत्वमध्य मान्य मर्यादेच्या ०.१२२ मीटर मागे होता, आणि बदलानंतर प्रवाशांसह वजन व समतोल यांचे गणितच मांडले गेले नव्हते, असे त्यात नोंदवले आहे. दोन प्रशिक्षकांच्या रक्तात गांजाचे अंश सापडले. वृत्तपत्रांनी ती गोष्ट बरीच उचलून धरली, मात्र विमान त्यांच्या हाती नव्हते. आयोगाने या क्षेत्रात अमली पदार्थांच्या चाचणीची शिफारस केली.

चौकशीवरही टीका झाली. विमानाचे अवशेष अपघातानंतर काही दिवसांतच पुरून टाकण्यात आले होते, त्यामुळे नियंत्रण यंत्रणेत बिघाड होता का, याची पुरेशी तपासणी होऊ शकली नाही. पुढे आयोगाने प्रकरण पुन्हा उघडले. केवळ मागे गेलेल्या वजनाने विमान आवरेनासे झाले असण्याची शक्यता कमी असल्याचे त्याने मान्य केले. नेमके कारण ठरवता आले नाही. उड्डाणात प्रवासी मागे सरकले असण्याची शक्यता मात्र उरली. अपघात झाला तेव्हा व्यावसायिक पॅराशूट उड्डाणे साध्या, सैल नियमांखाली चालत. साहसी हवाई पर्यटनाची स्वतंत्र नियमावली २०११ मध्ये लागू झाली.