न्यूयॉर्क, १९३९ : दोन पोशाख आणि एक बंद दार

कॉस्प्ले हा शब्द मुंबई-पुण्याच्या कॉलेजातील मुलांना आता समजावून सांगावा लागत नाही. मुंबईत कॉमिक कॉन भरते त्या दिवसांत लोकलच्या डब्यात एखादा स्पायडरमॅन दांडी धरून उभा असतो आणि शेजारचे काका निर्विकारपणे पेपर वाचत असतात. आवडत्या कथेतल्या किंवा चित्रपटातल्या पात्राचा पोशाख करून चाहत्यांच्या मेळाव्याला जायचे, एवढाच या शब्दाचा अर्थ. शब्द जपानी घडणीचा आहे. नोबुयुकी ताकाहाशी या जपानी गृहस्थांनी १९८० च्या दशकात तो रूढ केला. प्रथा मात्र शब्दाहून चार दशकांनी तरी जुनी आहे आणि ती जपानातली नाही.

सोंगे घेण्याची हौस मानवजातीइतकी जुनी, हे मान्यच. कथेवर बेतलेले पोशाखही आधी झाले होते. बुल्वर-लिटन यांच्या १८७१ सालच्या ‘द कमिंग रेस’ या कादंबरीवरून १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एक धर्मादाय बाजार भरला होता आणि त्यात कादंबरीतील भूगर्भवासीयांचे पोशाख घातले गेले होते. पण तो प्रतिष्ठितांचा समारंभ होता. चाहत्यांनी चाहत्यांसाठी भरवलेल्या संमेलनात, कुणी सांगितले नसताना असा पोशाख करून जाण्याची सुरुवात शोधू लागलो की आपण जुलै १९३९ मधील न्यूयॉर्कमध्ये येऊन पोहोचतो. तिथे दोन मित्र भेटतात. रूढ इतिहासात मात्र पुष्कळ वर्षे त्यातला एकच दिसत असे.

विज्ञानकथेचे चाहते नावाची जमात तयार झाली ती मासिकांच्या पत्रव्यवहाराच्या पानांमुळे. ह्यूगो गर्न्सबॅक यांचे ‘अमेझिंग स्टोरीज’ एप्रिल १९२६ मध्ये निघाले. त्यात वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यासह छापली जात. पत्ता मिळाला की एका गावचा पोरगा दुसऱ्या गावच्या पोराला परस्पर लिहू लागे. त्यातून मंडळे निघाली, सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रिका निघाल्या. मग प्रत्यक्ष भेटण्याची ओढ लागली. ऑक्टोबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कची काही मुले फिलाडेल्फियाच्या मुलांना भेटायला गेली आणि जानेवारी १९३७ मध्ये इंग्लंडात लीड्स येथे थिऑसॉफिकल हॉलमध्ये छोटी सभा भरली. तिला एकोणीस वर्षांचा आर्थर सी. क्लार्क हजर होता. पहिले संमेलन कोणते, यावर अमेरिकन आणि इंग्रज चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. संमेलन म्हटले की वाद आलाच, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

१९३९ मध्ये न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरले होते. ‘उद्याचे जग’ ही त्याची घोषणा. भविष्य पाहायला सगळी अमेरिका न्यूयॉर्कला येणारच आहे, तर त्याच सुमारास आपलेही जागतिक संमेलन भरवावे, असा विचार चाहत्यांनी केला. २ ते ४ जुलै या तारखा ठरल्या. जागा एकोणसाठाव्या रस्त्यावरचे कॅराव्हॅन हॉल. जेमतेम दोनशे माणसे आली आणि नाव मात्र ‘जागतिक’. प्रमुख पाहुणे म्हणून लेखक नव्हे तर चित्रकार बोलावला होता, हे मला फार मार्मिक वाटते. फ्रँक आर. पॉल हे ते चित्रकार. जन्माने ऑस्ट्रियाचे, वास्तुकलेचे शिक्षण घेतलेले. या पोरांच्या मनातील उद्याची शहरे, याने, अंगरखे हे सगळे ‘अमेझिंग’च्या मुखपृष्ठांवर पॉल यांनीच काढलेले होते. ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपटही संमेलनात दाखवला गेला.

खंडाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसमध्ये, दर गुरुवारी क्लिफ्टन्स कॅफेटेरियात एक मंडळ जमत असे. त्यात फॉरेस्ट जे. अ‍ॅकरमन हा बावीस वर्षांचा तरुण होता. मासिके, चित्रपटांची पत्रके, फोटो, जे मिळेल ते जमवणारा. शब्दांच्या कोट्या करण्याचा त्याला नाद होता. ‘साय-फाय’ हे लघुरूप पुढे १९५४ मध्ये त्यानेच काढले. त्याच मंडळात मर्टल आर. डग्लस ही पस्तीस वर्षांची बाई होती. अ‍ॅकरमनहून बारा वर्षांनी मोठी. दोघांची ओळख एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेमुळे झाली. त्या भाषेतील अक्षरांच्या नावांनी आपल्या आद्याक्षरांची जुळणी करून तिने ‘मोरोजो’ हे टोपणनाव घेतले होते. चाहत्यांच्या जगात ती याच नावाने ओळखली जाई. मंडळाची ‘इमॅजिनेशन!’ ही पत्रिका काढणाऱ्यांत ती होती. १९३९ पासून अ‍ॅकरमनबरोबर तिने वाचकांच्या पत्रांनाच वाहिलेली दुसरी पत्रिका चालवली. ज्यांनी सायक्लोस्टाइलचे स्टेन्सिल कधी कापले आहे त्यांना ठाऊक असेल की संपादन ही त्यातली सोपी बाजू असते.

हे दोघे न्यूयॉर्कला निघाले तेव्हा सामानात दोन पोशाख होते. पॉल यांची चित्रे आणि एच. जी. वेल्स यांच्या कथेवरचा १९३६ चा ‘थिंग्ज टु कम’ हा चित्रपट यांवरून ते बेतले होते. खांद्यावरून सुटलेली झूल, विजारीची अपरिचित बेतणी. अ‍ॅकरमनने त्यांना नावही दिले होते, ‘फ्युचरिस्टिकॉस्च्युम’. दोन शब्द चिकटवल्याखेरीज त्याला चैन पडत नसे. सगळेच जण असे भविष्यातले कपडे करून येतील, अशी त्याची समजूत होती. सभागृहात पाहतो तो सगळे कोट-टाय घालून बसलेले. पोशाखात हे दोघेच. रस्त्यावर पोरे मागे लागून बक रॉजर्स, फ्लॅश गॉर्डन म्हणून ओरडत होती, असे तो नंतर सांगत असे.

अशा वेळी एकटा माणूस खोलीवर जाऊन कपडे बदलून आला असता. दोघे होते म्हणून निभावले, असे मला वाटते.

मित्राशिवाय या संमेलनाला पोहोचताच आले नसते, असाही एक जण तिथे होता. रे ब्रॅडबरी अठरा वर्षांचा होता आणि लॉस एंजेलिसमध्ये चौकात उभा राहून पेपर विकत असे. प्रवासाचे पैसे त्याने अ‍ॅकरमनकडून उसने घेतले, ग्रेहाउंडच्या बसने देश ओलांडला आणि पुढे पेपर विकून ते फेडले. बरोबर हानेस बोक या चित्रकार मित्राची चित्रे होती. बोकला स्वतः जाणे परवडण्यासारखे नव्हते. ब्रॅडबरीने ती ‘वियर्ड टेल्स’च्या संपादकांना, फार्न्सवर्थ राइट यांना दाखवली. त्याच वर्षीच्या डिसेंबर अंकाचे मुखपृष्ठ बोकचे होते. स्वतःची एकही कथा अजून पैसे घेऊन विकली न गेलेला पोरगा दुसऱ्याची चित्रे संपादकांपुढे उलगडतो, हे मला त्या तीन दिवसांतले सर्वांत लोभस दृश्य वाटते.

त्याच सभागृहाच्या दारात मात्र निराळेच नाटक चालले होते. संमेलनाचा अध्यक्ष सॅम मॉस्कोविट्झ. त्याला दोनच दिवसांपूर्वी एकोणिसावे वर्ष पूर्ण झाले होते. त्याच्या गटाचे न्यूयॉर्कमधल्या ‘फ्युचरियन’ मंडळाशी हाडवैर होते. फ्युचरियन बहुतेक डाव्या विचारांचे. विज्ञानकथेने समाज बदलला पाहिजे, असे म्हणणारे. हॉलमधील रेडिएटरमागे पत्रकांचा गठ्ठा सापडला. आयोजक हुकूमशहा आहेत, सावध राहा, असा त्याचा आशय होता. मॉस्कोविट्झने फ्युचरियनांना दारात अडवले आणि गडबड करणार नाही, असे वचन मागितले. सहा जणांनी ते दिले नाही आणि ते बाहेर राहिले. डोनाल्ड वॉलहाइम, फ्रेडरिक पोल, जॉन मिशेल, रॉबर्ट लाउंडेस, जॅक गिलेस्पी आणि सिरिल कॉर्नब्लूथ. कॉर्नब्लूथचा तो सोळावा वाढदिवस होता. गंमत अशी की पत्रक छापणारा डेव्हिड काइल आरामात आत बसला होता.

संमेलनाच्या दाराशी कोण उभा राहतो, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. १८८५ मधील पुण्याच्या ग्रंथकार सभेला जायला जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नकार दिला होता. या दोन प्रसंगांची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. फुल्यांच्या नकारामागे शतकांचा अन्याय होता आणि इथे पोरांची गटबाजी. तरी एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. आत काय बोलले गेले, याचा बहुतेकांना विसर पडला. बाहेर राहिलेल्यांचे लक्षात राहिले. या सहांपैकी वॉलहाइम, पोल आणि लाउंडेस पुढे अमेरिकेतले मोठे संपादक झाले. पोल आणि कॉर्नब्लूथ यांची ‘द स्पेस मर्चंट्स’ ही जाहिरातयुगावरची कादंबरी १९५३ मध्ये आली आणि आजही वाचली जाते.

आयझॅक असिमॉव्हही फ्युचरियनच. त्याची पहिली कथा चार महिन्यांपूर्वी छापून आली होती. त्याला कुणी अडवले नाही आणि तो आत गेला. मित्र बाहेर असताना आपण आत बसलो, याची टोचणी त्याच्या आत्मचरित्रपर लेखनात उमटली आहे. एकोणीस वर्षांच्या, नुकत्याच लेखक झालेल्या मुलाने काय करायला हवे होते, हे ऐंशीहून अधिक वर्षांनी खुर्चीत बसून सांगणे सोपे आहे. मी ते सांगणार नाही.

पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, शिकागोच्या दुसऱ्या संमेलनात पोशाखांचा रीतसर कार्यक्रम ठेवावा लागला. दोन वेड्यांची हौस वर्षभरात रिवाज झाली. पहिले बक्षीस मिळाले ते त्याच डेव्हिड काइलला. फ्लॅश गॉर्डनच्या मालिकेतील दुष्ट सम्राट मिंग झाल्याबद्दल. दुसरे लाउंडेसला, ज्याला आदल्या वर्षी दारातून परत पाठवले होते. काइलचा पोशाख मात्र त्याने केला नव्हता. तो लेस्ली पेरी या फ्युचरियन मंडळातील तरुणीने केला होता.

हाच मुद्दा आपल्याला १९३९ कडे परत नेतो. कॉस्प्लेवरचे लेख वर्षानुवर्षे अ‍ॅकरमनला या प्रथेचा जनक म्हणत आले. त्या दिवसांतील फोटोत मोरोजो त्याच्या शेजारी उभी आहे, पोशाखात आहे, आणि तरीही ओळीत नाव त्याचेच, ती ‘सोबत’. वस्तुस्थिती अशी की दोन्ही पोशाख तिने योजले आणि तिनेच शिवले. अ‍ॅकरमनने ते घातले. १९४१ च्या डेन्व्हरच्या संमेलनात ती बेडकाचा मुखवटा घालून गेली. ए. मेरिट यांच्या कादंबरीतील बेडूकमानवांचा तो मुखवटा रे हॅरीहाउझन या पोराने बनवला होता. हॅरीहाउझन पुढे चित्रपटांतील राक्षस हलवण्याच्या कलेतला बादशहा ठरला.

जनक हा शब्द इथे का चिकटला, याचे कारण मला फारसे गूढ वाटत नाही. अ‍ॅकरमन २००८ पर्यंत जगला, भरपूर बोलला, भरपूर लिहिले, स्वतःचे घर संग्रहालयासारखे लोकांना खुले ठेवले. १९५३ मध्ये पहिली ह्यूगो पारितोषिके दिली गेली तेव्हा पहिल्या क्रमांकाचा चाहता म्हणून त्याचाच गौरव झाला. मोरोजो त्याच्यापासून दुरावली आणि १९६४ मध्ये वारली, साठाव्या वर्षी. मुलाखती घेणारे येऊ लागले तेव्हा ती नव्हती. शिवणकामाला श्रेय न देण्याची सवय तर कुठल्याच देशाला नवी नाही. आपल्या नाटकांच्या जाहिरातीतसुद्धा वेशभूषेचे नाव सर्वांत बारीक टायपात असते.

अ‍ॅकरमनच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. लबाडी त्याची नव्हती. मोरोजो गेल्यानंतर १९६५ मध्ये त्याने तिच्यावर मृत्युलेख लिहिला आणि ते पोशाख तिनेच आखून तयार केले होते, हे त्यात स्वच्छ नोंदवले. दुरावलेल्या मैत्रिणीविषयी तो ऋणाच्या भाषेत बोलतो. तो लेख चाहत्यांच्या छोट्या पत्रिकेत राहिला आणि कॉस्प्लेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बराच काळ तो उघडला नाही. अलीकडे जुन्या पत्रिका स्कॅन होऊन वाचायला मिळू लागल्या, तेव्हा तिचे नाव वर आले. २०१४ च्या लंडन येथील जागतिक संमेलनात १९३८ सालच्या कामासाठी मागाहून पारितोषिके दिली गेली. त्यात सर्वोत्तम पत्रिका म्हणून ‘इमॅजिनेशन!’ निवडली गेली. संपादक म्हणून तीन नावे वाचली गेली : अ‍ॅकरमन, मोरोजो आणि टी. ब्रूस यर्क.