चमत्काराची कसोटी

भिवंडीजवळच्या पूर्णा येथे गृहभेटीस गेलो असता एका तरुणाने आम्हांला विचारले, "फादर, काहींच्या हातात खरोखरच रोग बरा करण्याची शक्ती असते का?" प्रश्नामागे दुःख होते. हस्तस्पर्शाने आजीचा ताप उतरेल या आशेवर घरच्यांनी आठवडा घालवला होता. इस्पितळ गाठायला उशीर झाला होता.

अशा वेळी ख्रिस्तसभेचा इतिहास मार्ग दाखवतो. पुढे १७४० साली चौदावे बेनेडिक्ट या नावाने पोप झालेले कार्डिनल लांबेर्तिनी यांनी १७३४ ते १७३८ या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रोगमुक्तीच्या कसोट्या घालून दिल्या. आजार गंभीर हवा. गुण अचानक, पूर्ण व कायमचा यावा. त्याचे श्रेय औषधाला जाता कामा नये. फ्रान्समधील लूर्ड्स येथे १८८३ पासून डॉक्टर असे दावे तपासतात. सात हजारांहून अधिक दाव्यांपैकी सत्तरेकांनाच चमत्कार म्हणून मान्यता मिळाली आहे.

उरलेल्यांचे काय? अनेक आजार आपोआप ओसरतात, काही चढउतार करतात. आशेने वेदनाही हलकी होते. शिवाय बऱ्या झालेल्याची कथा गावभर होते, न झालेल्याची कोणी सांगत नाही.

आपण मात्र ही सावधगिरी नेहमीच बाळगली नाही. मार्च २०१२ मध्ये मुंबईत, विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील वेलंकणी माता चर्चजवळ क्रुसावरील ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविकांनी ते भक्तिभावाने टिपून घेतले. गटाराचे पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत असल्याचे विवेकवादी सनल एडामारुकू यांनी पाहणीअंती सांगितले. ख्रिस्तसभेने तो चमत्कार म्हणून जाहीर केला नव्हता. एडामारुकूंची चर्चवरील टीका बोचरी होती, हे खरे. पण काही कॅथलिकांनी पोलिसांत तक्रारी केल्या आणि त्याच वर्षी ते देश सोडून गेले. आमच्या मते, तक्रारीआधी प्लंबरला बोलावणे अधिक ख्रिस्ती ठरले असते.

साप, विंचू वा कुत्रा चावलेल्यास औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. श्रद्धावंतांना तरी त्यासाठी कायद्याची गरज भासू नये. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना रोग बरे करण्याच्या कृपादानाचा उल्लेख केला, पण प्रीतीला त्याहून वरचे स्थान दिले. त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले: प्रार्थना अवश्य करा, पण ती रुग्णाला इस्पितळात नेताना करा.