पाठीमागून दिलेली हाक

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरांवर कोवलम नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. केरळातले प्रसिद्ध कोवलम ते हे नव्हे. येथील किल्ला १७५२ साली क्लाइव्हने फ्रेंचांकडून घेतला, एवढीच त्याची इतिहासातील ओळख. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त चेन्नईस असताना आम्ही सहकुटुंब तेथे गेलो होतो. त्याची दीड वर्षाची मुलगी वाळूत खेळत होती. आमच्या आईने तिला पाठीमागून दोन-तीनदा हाक मारली. मुलीने मान वळविली नाही. आजीची सावली पुढ्यात पडली, तशी ती वळून हसली. "अरे, हिला सावली कळते, हाक कळत नाही," आई म्हणाली. लाटांच्या आवाजात कसे ऐकू येणार, असे आम्ही म्हणालो. शिवाय भावाने एका डॉक्टरांना पूर्वीच विचारले होते. काही मुले उशिरा बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट पाहा, असे त्यांचे मत पडले होते.

पुढे ह्या विषयावरचे वाचन करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की बहिरेपणाचा इतिहास हा बव्हंशी तो कोणत्या वयात ओळखला गेला, ह्याचाच इतिहास आहे. आपल्या धर्मशास्त्राला बहिरा माणूस दिसला तो वाटणीच्या वेळी. मनुस्मृतीने जन्मबधिरास वारसाहक्क नाकारला. अन्नवस्त्र मात्र द्यावे असे सांगितले. ती अपात्रता बव्हंशी दूर होण्यास १९२८ चा कायदा यावा लागला. मुंबईत बिशप लिओ म्यूरिन ह्यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास मूकबधिरांची शाळा निघाली, आणि बहिरे मूल शाळेच्या वयात दिसू लागले. त्याआधी पाचच वर्षे, १८८० साली, मिलानच्या परिषदेने खुणांची भाषा वर्ज्य ठरवून तोंडी बोलण्याचा आग्रह धरला होता. त्या ठरावाने जगभरच्या बहिऱ्या मुलांचे फार नुकसान केले, असे माझे मत आहे.

'मूकबधिर' हा आपला शब्दच पाहा. त्यात मुकेपणा आधी येतो. मूल बोलत नाही हे कळेपर्यंत ते ऐकत नाही हे कोणी पाहत नाही, आणि तोवर भाषा शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे निघून गेलेली असतात. त्यात फसगतही सहज होते. बहिरे बाळ पहिल्या काही महिन्यांत इतरांसारखेच हुंकार देते. थाळी वाजवून पाहावी, तर वाऱ्याची झुळूक, जमिनीचा हादरा किंवा आईच्या चेहऱ्यावरचा भाव त्याला आधी पोचतो.

मँचेस्टरच्या ईविंग दांपत्याने १९४४ साली ह्याच अडचणीवर उपाय काढला. आईच्या मांडीवरील बाळाचे लक्ष समोर गुंतवावयाचे आणि त्याच्या नजरेबाहेरून हलका आवाज करावयाचा. आमच्या आईने वाळूत अजाणता तेच केले होते! पुढे १९७८ मध्ये डेव्हिड केम्प ह्यांनी दाखविले की निरोगी कान आवाज ऐकताना स्वतःही अतिशय क्षीण आवाज बाहेर टाकतो. त्यामुळे झोपलेल्या नवजात बाळाचीही तपासणी शक्य झाली. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाययोजना, असा आता दंडक आहे. जन्मजात बहिरेपणाचा समावेश असलेला केंद्र सरकारचा बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरहूनच सुरू झाला. सरकारी माणूस म्हणून एवढेच सांगतो, की योजना कागदावर येणे आणि प्रत्येक प्रसूतिगृहात यंत्र पोचणे ह्यांत पुष्कळ अंतर असते. जन्मवेळी निर्दोष ठरलेला कान पुढे आजाराने अधू होऊ शकतो. उलट, सर्दीने कानात पाणी साचून आलेला बहिरेपणा उपचारांनी जातोही. म्हणून शंका आली की श्रवणतज्ज्ञाकडे जावे. मूल मोठे होण्याची वाट पाहू नये.

भावाने अखेर तपासणी करून घेतली. पण कोवलमच्या त्या दिवसानंतर सात महिन्यांनी. दोन्ही कान अधू निघाले. चेन्नईत अड्यारला 'बालविद्यालय' ही १९६९ साली स्थापन झालेली, अगदी लहान बहिऱ्या मुलांची शाळा आहे. तेथे मुलाबरोबर आईलाही शिकविले जाते, हे भावाला तोवर ठाऊक नव्हते.

आज पुतणी कानांत यंत्रे घालून मराठी आणि थोडी तमिळ बोलते. काही शब्द अजून अडतात. आमची आई मात्र तिला कधी पाठीमागून हाक मारीत नाही. गुडघे दुखत असले तरी उठते, समोर जाऊन बसते आणि मग बोलते.