एका तसबिरीचा प्रवास : पॅरिसपासून गावच्या मांडवापर्यंत

१/
कोकणात वा गोव्यात देवळाच्या उत्सवासाठी गावची हौशी मंडळी नाटक बसवू लागली की ‘संगीत संशयकल्लोळ’ हे नाव हमखास पुढे येते. या प्रहसनामागे साडेतीनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात एक गंभीर सामाजिक प्रश्नही दडलेला आहे. त्याविषयी हा धागा.

२/
प्रारंभ १६६० साली पॅरिसमध्ये होतो. मोलिएरच्या ‘स्गानारेल’ या एकांकी प्रहसनात एका तरुणीला मूर्च्छा येते व तिच्या हातून प्रियकराची तसबीर निसटते. तिला सावरणारा स्गानारेल बायकोच्या दृष्टीस पडतो. पुढे तीच तसबीर बायकोच्या हाती पाहून तोही संशयाने पेटतो. ही भूमिका स्वतः मोलिएरने केली होती.

३/
शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, आर्थर मर्फीने याच कथाबीजावर ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी नाटक लिहिले. ते लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात झाले. संशयी नवऱ्यासमोर त्याच्या तोडीस तोड संशयी बायको येथे ठळकपणे उभी राहिली.

४/
मर्फीचे हे नाटक गोविंद बल्लाळ देवल यांनी मराठीत आणले. देवलांचा जन्म १८५५ चा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. त्यांचे गद्य रूपांतर ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ १८९३ सालचे. फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या. कृत्तिका, रेवती, रोहिणी : महिने आणि नक्षत्रे यांवरूनच त्यांनी पात्रांची नावे ठेवली. परकेपणाचा मागमूस उरला नाही.

५/
मात्र एक बदल नावापुरता नव्हता. मोलिएर आणि मर्फी यांच्या नायिका घरंदाज कुटुंबांतील अविवाहित तरुणी आहेत. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. कथानक तेच, तसबीरही तीच. नायिकेचे सामाजिक स्थान मात्र पार बदलले.

६/
हे का घडले असावे, याचा उलगडा त्या काळाकडे पाहिले की होतो. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्याने मुलींची वयोमर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा पुण्यात केवढे वादळ उठले होते! उच्चवर्णीय घरांत मुलींची लग्ने बालपणीच होत. अशा समाजात सज्ञान, अविवाहित, स्वतःच्या मनाने वर निवडणारी आणि त्याची तसबीर जवळ बाळगणारी कुलीन नायिका प्रेक्षकांना पटणार कशी? तेवढे स्वातंत्र्य ज्या घरात कल्पिता येई, त्या घरात देवलांनी तिला जन्म दिला.

७/
परिणामी विनोदाला वेगळी धार आली. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचा संशय फिटला की त्यांचा संसार पूर्ववत चालू होतो. रेवतीचे तसे नाही. तिच्याविषयीचा निवाडा समाजाने तिच्या जन्माबरोबरच केलेला आहे. म्हणून अश्विनशेठाने घेतलेला संशय तिला अधिक जिव्हारी लागतो. तिला हवे आहे ते रीतसर लग्न. बालाजरठ विवाहावर ‘शारदा’ (१८९९) लिहिणाऱ्या लेखकाचीच ही नजर आहे.

८/
पुढे देवलांनी या गद्य नाटकाला पदांची जोड दिली. १९१६ च्या जूनमध्ये ते निवर्तले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती गाजली. स्वतःच्या नाटकाचे हे वैभव नाटककाराला पाहता आले नाही.

९/
व्यावसायिक संगीत मंडळ्या काळाच्या ओघात मोडल्या, नाटक टिकले. त्याचे मोठे श्रेय हौशी मंडळींचे आहे. दिवसभर शेती, दुकान वा नोकरी सांभाळून रात्री तालमी करणाऱ्यांनी ते जपले. पौराणिक नाटकाला लागणारे दरबार नि राजवाडे येथे नकोत. दोन घरे, एक रस्ता आणि एक तसबीर पुरते. कस लागतो तो गाणाऱ्या गळ्यांचा आणि संवादांच्या अचूक वेळेचा.

१०/
स्वतः देवलही याच वाटेने आले होते. पुण्यातील सुशिक्षित हौशी नटांच्या आर्योद्धारक नाटक मंडळीत त्यांनी काम केले होते. हौशी रंगमंच आणि हे नाटक यांचे नाते असे मुळापासूनचे आहे.

११/
आजच्या मंडळींना पाच अंक परवडत नाहीत, कात्री लागतेच. ती फाल्गुनरावाच्या एखाद्या विनोदाला लागली तर हशा थोडा कमी होईल. रेवतीचे कूळ सांगणाऱ्या संवादांना लागली, तर तिचा लग्नाचा आग्रह आणि तिचे दुखावणे यांचा अर्थच प्रेक्षकाला लागणार नाही. आपल्या गावी किंवा जवळच्या नाट्यगृहात पुढचा प्रयोग पाहाल, तेव्हा मनसोक्त हसा आणि रेवती लग्नाविषयी बोलू लागली की कान देऊन ऐका. १८९३ चा महाराष्ट्र तिथे बोलत असतो.