कचारगडची तेहतीस मुले

गोंड समाजाच्या उत्पत्तिकथेतील दैवी मुलांचा समूह. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गोंडांसह मध्य भारतातील गोंड त्यांना पूर्वज मानतात.

कथा : कली कंकाली मातेची ही मुले फार अवखळ होती. त्यांच्या वर्तनाने रुष्ट झालेल्या शंभूने त्यांना कोयली कचारगडच्या गुहेत कोंडून तोंडाशी प्रचंड शिळा लावली. मातेचा विलाप ऐकून देवी जंगो रायताड व धर्मगुरू पहांदी पारी कुपार लिंगो मदतीला आले. हिरासुका पाटालीर या वादकाच्या सुरांनी मुलांच्या अंगी अचाट बळ संचारले. त्यांनी शिळा ढकलली. ती मुक्त झाली, पण शिळेखाली सापडून पाटालीर मरण पावला. पुढे लिंगोने मुलांना शिष्य करून कोया पुनेम, म्हणजे गोंडी धर्ममार्ग, शिकवला.

पाठभेद : नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नोंदवलेली लिंगोकथा १८६६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. तीत गोंडांना महादेव कोंडतो आणि लिंगो सोडवतो. नागपूरचे अभ्यासक मोतीराम कंगाली यांनी आपल्या लेखनात या परंपरेची गोंडी दृष्टीतून मांडणी केली.

महत्त्व : गुहा गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात असून माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. गोटूल या युवागृहाचा संस्थापकही लिंगोच मानला जातो. गडचिरोलीच्या माडिया गावांत गोटूलाची परंपरा आढळते. कोंडलेल्या मुलांना शिक्षा नव्हे, तर गुरू, संगीत आणि शिक्षण उभे करते, हा या कथेचा मोलाचा आशय आहे.