मावशीचं छोटं पुस्तक

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त भाचीचं आहे. ताई, तू हे वाचशीलच, तर रागावू नकोस.

झालं असं, की तिच्या नवव्या वाढदिवसाला मी 'द टेल्स ऑफ बीडल द बार्ड' घेऊन गेलो. दुकानात एवढंच डोक्यात होतं, की हॅरी पॉटरच्या जगातलं आहे, पातळ आहे, आत चित्रं आहेत. घरी गेल्यावर कळलं, की बाईसाहेबांनी पॉटरचं एकही पुस्तक वाचलेलं नाही आणि सिनेमेही पाहिलेले नाहीत. मी लगेच म्हणालो, "अगं, मग हे आत्ता नको. आधी ती सात वाच, मग याची खरी मजा." आणि पुस्तक तिच्या हातातून घेऊन वरच्या फळीवर ठेवलं. वाढदिवसाची भेट देऊन परत काढून घेणारा मामा! ताईने नुसतं बघितलं. भाचीही काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

परतीच्या प्रवासात डोक्यात तेच घोळत राहिलं. एखादी मोठी अद्भुतकथेची मालिका चालली, की तिच्या आजूबाजूला छोटी पुस्तकं उगवतात. नकाशे, कोश, गाणी, पात्रांच्या हातातली पुस्तकं. काही मालिकेला इतकी चिकटलेली असतात, की तिच्याशिवाय त्यांना अर्थच नसतो. काही सुटी उभी राहू शकतात. मग बीडल कुठल्या प्रकारातलं? आणि मी ठरवणारा कोण?

मला आठवली टॉल्किनची मावशी. जेन नीव्ह तिचं नाव, त्याच्या आईची धाकटी बहीण. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड 1954-55 मध्ये येऊन गेले होते. 1961 साली नव्वदीला टेकलेल्या या मावशीने भाच्याला पत्र लिहून विचारलं, की टॉम बॉम्बाडिलवर एखादं छोटं पुस्तक काढता येईल का? आम्हा म्हाताऱ्यांना नाताळात भेट म्हणून द्यायला परवडेल असं! थोडक्यात, तिला चौथा खंड नको होता.

टॉम हा मुळात टॉल्किनच्या मुलांचा एक बाहुला. त्याच्यावरची कविता ऑक्सफर्डच्या एका मासिकात 1934 सालीच छापून आली होती, म्हणजे 'हॉबिट'च्याही आधी. टॉम मोठ्या कादंबरीत शिरला तो नंतर. मावशीच्या पत्रावर टॉल्किनने जुन्या वह्या काढल्या, कविता दुरुस्त केल्या, थोडी भर घातली आणि 1962 च्या अखेरीस 'द अॅडव्हेंचर्स ऑफ टॉम बॉम्बाडिल' आलं. सोळा कविता, पॉलीन बेन्सची चित्रं. यातल्या बऱ्याचशा कविता मूळच्या सुट्याच होत्या. त्या एका दोऱ्यात ओवायला त्याने प्रस्तावनेत एक गंमत केली. आपण कवी नाहीच, हॉबिट लोकांच्या जुन्या लाल पोथीतून, तिच्या समासातून ही गाणी वेचणारा नुसता संपादक आहोत, असा आव आणला. ज्याने मालिका वाचली आहे तो हे वाचून गालात हसतो. ज्याने नाही वाचली तो प्रस्तावना ओलांडून थेट कवितेत जातो, आणि त्याचं काहीही अडत नाही. मावशीने पुस्तक पाहिलं. 1963 साली ती गेली.

याच्या अगदी उलट टोकाला टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डमधलं एक पुस्तक. 1983 ते 2015 अशी बत्तीस वर्षं आणि एक्केचाळीस कादंबऱ्या चाललेली ही मालिका. सुरुवातीला प्रॅचेटचं म्हणणं होतं, की या जगाचा नकाशा निघूच शकत नाही. पण त्याच्या कादंबऱ्यांची नाटकं करणाऱ्या स्टीफन ब्रिग्ज नावाच्या माणसाने पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचून कुठली गल्ली कुठे लागते ते जुळवत आणलं, आणि 1993 मध्ये आंख-मॉरपॉर्क शहराचा नकाशा खरोखर छापून आला. माझ्याकडे तो आहे आणि मला जीव की प्राण आहे. पण ज्याने ते शहर कधी वाचलं नाही, त्याला तो नकाशा म्हणजे न पाहिलेल्या गावाचं रेल्वे टाइमटेबल. हे जोडलेलं पुस्तक, आणि त्यात त्याला काही कमीपणा नाही.

रोलिंगने 2001 मध्ये कॉमिक रिलीफ या संस्थेच्या मदतीसाठी दोन छोटी पुस्तकं लिहिली. त्यातलं 'फँटॅस्टिक बीस्ट्स' म्हणजे हॅरीचं शाळेचं पुस्तकच, त्याने आणि रॉनने पानापानावर खरडून ठेवलेलं. ते खरडणारे कोण हे माहीत नसेल, तर अर्धी गंमत गेलीच. आणि मौज बघा, 2016 साली याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखक म्हणून ज्याचं नाव होतं, तो न्यूट स्कॅमँडर एका सिनेमाचा नायक झाला. तळटीप उठून चालायला लागली म्हणायची!

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते 2005 मधलं 'व्हेअर्स माय काऊ?'. प्रॅचेटच्या 'थड!' या कादंबरीत सॅम व्हाइम्स हा शहराच्या पहाऱ्याचा प्रमुख. खून, दंगा, काहीही असो, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला तो घरी पोचतो आणि आपल्या तान्ह्या मुलाला एक चित्रांचं पुस्तक वाचून दाखवतो. हरवलेल्या गाईचं, प्राण्यांच्या आवाजांचं. एक दिवस त्याच्या मनात येतं, की हा पोरगा शहरात वाढणार, मग याला मेंढ्या-घोड्यांचे आवाज कशाला? आणि तो गावातल्या माणसांचे आवाज काढायला लागतो. कादंबरी आली त्याच वर्षी हे चित्रांचं पुस्तकही खरोखर छापून निघालं. ते वाचायला व्हाइम्सची कुंडली लागत नाही. दमून घरी आलेला बाप आणि मांडीवरचं पोर, एवढं कळलं की पुरे. कादंबरीत मात्र याच पुस्तकाचं शेवटी काय होतं, ते इथे सांगत नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा.

आता बीडल. पॉटरच्या शेवटच्या, 2007 च्या कादंबरीत डम्बलडोर हे पुस्तक मृत्युपत्रात हर्मायनीच्या नावे ठेवतो. त्यातली तीन भावांची गोष्ट तिथे अख्खी येते. त्या वर्षी रोलिंगने हाताने लिहून फक्त सात प्रती केल्या. सहा भेट दिल्या, सातवी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेकरता लिलावात गेली, साडेएकोणीस लाख पौंडांना. सगळ्यांसाठी ते 2008 च्या डिसेंबरमध्ये छापलं. आत पाच गोष्टी, आणि प्रत्येक गोष्टीमागे डम्बलडोरची टिपणं. म्हणजे एकाच पुस्तकात सुटं आणि जोडलेलं शेजारी शेजारी. खरं सांगतो, माझी प्रत आली तेव्हा मी आधी टिपणं वाचली होती, गोष्टी नंतर.

खरं तर हे आपल्याला नवं नाही. जुगारात सगळं घालवून वनात बसलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नळाची कथा सांगतात, कारण नळही जुगारातच राज्य हरला होता. धागा पक्का आहे. पण रघुनाथ पंडितांचं नलदमयंती आख्यान वाचणाऱ्याला आधी वनपर्व वाचून या, असं कोणी म्हटलं नाही. सावित्रीची गोष्टही त्याच पर्वातली. वडाला दोरा गुंडाळणाऱ्या माझ्या आजीने महाभारत कधी उघडलंही नसेल. गोष्ट मात्र तिची स्वतःची होती.

म्हणजे दोरा असावा, पण तो न दिसणाऱ्यालाही मणी हातात घेता यावा. आणि तो घेता येतो की नाही हे हातात घेणाऱ्याला कळतं, फळीवर ठेवणाऱ्याला नाही. मी सात पुस्तकं वाचल्याचा टोलनाका लावून बसलो होतो, एवढंच.

घरी पोचल्यावर ताईला फोन केला, म्हटलं, ते पुस्तक तिला खाली काढून दे. ताई हसायला लागली. पोरीने मी निघाल्याबरोबर खुर्ची लावून ते काढलं होतं. लोकांना मदत न करणाऱ्या जादूगाराच्या मागे एका पायावर ठणठणत फिरणाऱ्या भांड्याची गोष्ट तिने दोनदा वाचली होती, आणि स्वयंपाकघरातला कुकर बिचारा त्या भांड्याच्या भूमिकेत होता :)

मग ती स्वतः फोनवर आली. "मामा, गोष्टी मस्त आहेत. पण हा डम्बलडोर कोण रे? प्रत्येक गोष्ट संपली की बोलत बसतो. मी त्याची पानं सोडून देते."

मी म्हटलं, "एक म्हातारे हेडमास्तर आहेत. दे सोडून."

त्या सात पुस्तकांचा विषय मी काढला नाही. काढायचा तेव्हा तीच काढेल.