वेळेचा हिशेब : बगदादपासून गिरणगावापर्यंत

'वेळच मिळत नाही' हे वाक्य आपण रोज किती वेळा ऐकतो आणि किती वेळा बोलतो! वेळेच्या नियोजनावर पुस्तके आहेत, व्याख्याने आहेत, मोबाइलवर अॅप आहेत. बहुतेकांचा सूर एकच असतो: पहाटे उठा, कामांची यादी करा, मिनिट वाया घालवू नका. मला या सल्ल्यांपेक्षा इतिहासात डोकावणे जास्त उपयोगाचे वाटते. वेळ सांभाळणारी माणसे पूर्वीही होती आणि ज्यांचा वेळ दुसऱ्यांनी हिरावून घेतला अशी माणसेही होती. दोघांची गोष्ट एकत्र वाचली तरच चित्र पूर्ण होते.

सुरुवात बाराव्या शतकातल्या बगदादपासून करू. तिथे इब्न अल-जौझी नावाचे मोठे विद्वान होते. प्रवचनकार, इतिहासकार आणि असंख्य ग्रंथांचे लेखक. १२०१ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या 'सैद अल-खातिर' या पुस्तकात मनात आलेल्या विचारांची टिपणे आहेत. त्यात त्यांनी एक तक्रार मांडली आहे, ती आजच्या कोणत्याही मोहल्ल्यात शोभेल अशी आहे. लोक भेटायला येतात, बसून राहतात, इकडच्या तिकडच्या गप्पा मारतात, मध्येच कुणाची गीबत म्हणजे निंदाही करतात आणि या येण्याला ते सेवा समजतात! नाही म्हणावे तर संबंध तुटतात, हो म्हणावे तर दिवस जातो.

यावर इब्न अल-जौझींनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. शक्य तितक्या भेटी ते टाळत. टाळता आली नाही तर बोलणे आवरते घेत. आणि पाहुण्यांच्या वेळेसाठी काही कामे मुद्दाम राखून ठेवत: कागद कापणे, लेखण्यांना टोक करणे, वह्या बांधणे. लेखकाला ही कामे चुकत नाहीत, पण त्यांना डोके लागत नाही. पाहुणा बोलत राहिला आणि हात चालत राहिले तर दोघांचेही काम होते.

साधी वाटणारी ही युक्ती नीट पाहा. त्यांनी दिवसात जास्त कामे कोंबली नाहीत. त्यांनी कामांचे दोन ढीग केले. एका ढिगाला एकांत लागतो, दुसरा चार माणसांतही उरकतो. एकांताचा तास लेखणी तासण्यात घालवायचा नाही, हा त्यांचा नियम. आपण नेमके उलटे करतो. सकाळचे ताजे डोके फोनवरचे निरोप वाचण्यात जाते आणि अवघड काम रात्री थकल्यावर हाती घेतो.

त्याच बगदादमध्ये त्यांच्या आधीच्या पिढीत इब्न अकील (१०४०–१११९) होऊन गेले. त्यांच्या 'किताब अल-फुनून' या ग्रंथाचे शेकडो खंड होते असे सांगितले जाते. त्यातला अगदी थोडा भाग आज उरला आहे. त्यांच्याबद्दलची नोंद अशी की, भाकरी चावण्यात वेळ जातो म्हणून ते सुक्या बिस्किटासारख्या पदार्थाचा चुरा पाण्याबरोबर गिळत आणि वाचलेला वेळ वाचन-लेखनाला देत. अशा गोष्टी आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात. मला त्यांचे कौतुक आहे, पण हा कित्ता गिरवावा असे वाटत नाही. शांतपणे जेवायलाही वेळ उरत नसेल तर वेळ वाचवून मिळवले काय?

त्या मानाने इब्न सीना (९८०–१०३७) मला जवळचे वाटतात. हमदानला ते शम्सुद्दौला या अमीराचे वजीर होते. दिवसभर दरबार, राज्याची कामे आणि कटकटी. त्यांचे शिष्य अल-जुझजानी यांनी लिहून ठेवले आहे की, दिवस अमीराच्या सेवेत जात असल्याने शिष्य रात्री जमत. पाळीपाळीने 'शिफा' आणि 'कानून' या ग्रंथांचे वाचन होई. ते संपले की गाणारे येत, मैफल रंगे. पुढे शतकानुशतके युरोपातही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी जो 'कानून' अभ्यासला, त्याच्या मागे नोकरदार माणसाच्या अशा रात्री आहेत. दिवस विकला गेला आहे हे त्यांनी मान्य केले, रात्रीचा एक तुकडा स्वतःचा ठेवला आणि त्यातही करमणुकीला जागा ठेवली.

हे झाले विद्वानांचे. सामान्य माणसाचा दिवस कसा बांधला जाई? मुस्लिम समाजात तो नमाजच्या पाच वेळांनी बांधला गेला. या वेळा सूर्यावर ठरतात, म्हणून त्या रोज थोड्या सरकतात. त्या अचूक काढण्यासाठी तेराव्या शतकापासून इजिप्त-सीरियातल्या मोठ्या मशिदींत 'मुवक्कित' म्हणजे वेळ मोजणारा खगोलज्ञ नेमला जाऊ लागला. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत इब्न अल-शातिर हे मुख्य मुवक्कित होते. १३७१ च्या सुमारास त्यांनी तिथल्या मिनारावर संगमरवरी छायाघड्याळ बसवले. त्यांचे सहकारी अल-खलीली यांनी त्या शहरासाठी नमाजच्या वेळांची सविस्तर कोष्टके तयार केली. घरोघरी घड्याळ नव्हते, पण दिवसाला ठळक टप्पे होते. 'असरनंतर भेटू', 'मगरिबनंतर या' असे आपल्या मोहल्ल्यांत आजही बोलतात. त्यात मिनिटांचा काच नाही, पण दिवसाचे भाग पक्के आहेत. कामाला एक भाग, घराला एक, स्वतःला एक. आणि सूर्य मावळला की काम थांबायचे, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले होते.

हे गृहीत आपल्याच मुंबईत मोडले. म्हणून बगदाद-दमास्कसहून मी थेट गिरणगावात येतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापड गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. म्हणजे सूर्य तोच, पण आता तो मालकाचे मोजमाप झाला. उन्हाळ्यात दिवस मोठा, तसे कामही मोठे. आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या मांडल्या. त्या वाचल्या की लक्षात येते, त्यातल्या बहुतेक वेळेच्याच आहेत: रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. साडेपाच हजार कामगारांनी त्या निवेदनावर सह्या केल्या. रविवारची सुटी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला.

पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची सीमाही पुसली गेली. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. १ जानेवारी १९०६ पासून नवी प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. आधीच अंधारात उठणाऱ्या कामगाराला आणखी लवकर उठवले जाणार, अशी भीती पसरली. त्याच महिन्यात हजारो कामगारांनी माग चालवायला नकार दिला आणि गिरणीवर दगडफेक केली. ३९ मिनिटांसाठी एवढे? पण ज्याच्या हातात दिवसाचा काहीच भाग उरलेला नाही, त्याला ३९ मिनिटे किती मोठी असतात हे त्यालाच ठाऊक. कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली.

या गिरण्यांच्या विणकाम खात्यांत मदनपुऱ्याचे मोमीन विणकर मोठ्या संख्येने होते. त्यांच्याच बिरादरीतले हजारो लोक आज भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर आहेत आणि तिथे बारा तासांची पाळी अजून नवलाची नाही. अशा कामगाराला 'पहाटे उठून वाचन करा' असे सांगणे मला क्रूर वाटते. त्याला आधी आठ तासांचा दिवस हवा, नियोजनाचे नंतर बघू. आपल्या घरातल्या बाईचेही तेच. रमजानमध्ये सहरीसाठी सर्वांत आधी ती उठते आणि इफ्तारची भांडी घासून सर्वांत शेवटी झोपते. मधल्या वेळात घरातले पुरुष कुरआनपठण करतात, तिला मात्र त्यासाठी वेळ चोरावा लागतो. इब्न अकीलांच्या जेवणाचा वेळ वाचला, पण त्यांच्या घरी चूल कोण सांभाळत होते, याची नोंद कुणी केली नाही.

कुरआनातील 'अल-अस्र' ही अवघ्या तीन आयतींची सूरत काळाची शपथ घेऊन सुरू होते आणि माणूस तोट्यात असल्याचे सांगते. त्यातून वाचतात त्यांची लक्षणेही पुढे सांगितली आहेत. त्यात सत्कर्म आहे आणि एकमेकांना सत्य व धीर यांची आठवण करून देणेही आहे. म्हणजे हिशेब एकट्याचा नाही.

म्हणून वेळेचे नियोजन करायला बसाल तेव्हा वहीत दोन रकाने करा. पहिल्या रकान्यात इब्न अल-जौझींचा प्रश्न लिहा: माझ्या कोणत्या कामाला एकांत लागतो आणि तो एकांत मी कशात घालवतो? दुसऱ्या रकान्यात लोखंड्यांचा प्रश्न लिहा: माझी सोय व्हावी म्हणून मी कुणाचा वेळ घेत आहे? घरातल्या बाईचा, दुकानातल्या पोराचा, रात्री दहाला फोन करून बोलावलेल्या हाताखालच्या माणसाचा? पहिला रकाना भरायला आपल्याला आवडते. दुसरा आधी भरून पाहावा.